बाहेरून कडी नसलेलं फाटक

आमच्या गल्लीत मी राहायला आले ती दंगलीनंतर. त्यामुळे मिस्त्रींना हसताना मी पाहिलेलं नाही. हसायचे म्हणतात, आणि असे हसायचे की शेजारच्या घरातलं झोपलेलं मूल उठून बसायचं. मला भेटले ते वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून बसलेले, विचारलं तर एका शब्दात उत्तर देणारे आणि न विचारता कुणाचंही मोडलेलं नीट करून देणारे मिस्त्री. माझ्या शिलाई मशीनचं पायडल तुटलं, तर दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी ते जोडून माझ्या दारात ठेवलेलं होतं. आभार मानायला गेले तर म्हणाले, "तेल घालत जा." मला राग आला. मी मशीनला तेल घालते. रोज घालते.

त्यांचं वेल्डिंगचं दुकान आणि त्यामागचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मधली गल्ली एवढी अरुंद की त्यांच्या ठिणग्या माझ्या पायरीपर्यंत येतात आणि माझ्या चिंध्या त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जातात. यावरून मी सुरुवातीला भांडायला गेले होते. भांडण मला एकटीलाच करावं लागलं, कारण समोरचा माणूस मान खाली घालून "बरोबर आहे तुमचं" म्हणत होता. असल्या माणसाशी भांडण्यात काही राम नाही. मी परत फिरले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या दारापुढे पत्र्याचा आडोसा उभा केला.

जिने, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड, सगळंच ते करतात. पण त्यांचं नाव होतं ते फाटकांसाठी. फाटक करायची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक म्हणायचं, आधी नक्षी दाखवा. हे म्हणायचे, आधी हात कुठे जातो ते बघू. मग घरातल्या सगळ्यांना एकेक करून बाहेर उभं करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि हात पुढे करायला सांगायचे. बहुतेकांचा हात जिथे आपोआप जाईल, तिथे खडूने खूण, आणि बाहेरची कडी नेमकी तिथे. बाकीचं फाटक त्या कडीभोवती उभं राहायचं. लोक चेष्टा करायचे, पण अंधारात हातात पिशव्या घेऊन घरी आलेल्या माणसाला त्यांच्या फाटकापुढे कधी चाचपडावं लागायचं नाही. हे मला त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी सांगितलं. वहिनी दुपारी माझ्याकडे येऊन बसतात, बटणं लावायला मदत करतात आणि पुष्कळ बोलतात. नवरा बोलत नाही ती सगळी कसर त्या भरून काढतात.

आमची गल्ली सरळ आहे. एका तोंडाला, आमच्या दुकानांपासून चार घरांवर, मंडई. दुसऱ्या तोंडाला ओढ्यावरचा छोटा पूल आणि पुलापलीकडे वस्ती. त्या वस्तीत मिस्त्रींची थोरली बहीण राहते, तिला सगळे ताईच म्हणतात. ताईचा नवरा मंडईत झाडू, टोपल्या, दोऱ्या विकायचा. सकाळी पूल ओलांडायचा, गल्लीतून मंडईत जायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. येताना मेव्हण्याच्या दुकानात बूड टेकायचं, चहा घ्यायचा, आणि नवं फाटक तयार असेल तर डोळे मिटून हात पुढे करायचा. मिस्त्री त्यांना भावोजी म्हणायचे. पण दोघांचं नातं मेव्हण्या-भावोजींपेक्षा दोस्तीचंच जास्त होतं.

दंगल कशावरून झाली हे गल्लीतल्या प्रत्येकाने मला वेगळं सांगितलंय, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. मी विचारणं सोडून दिलंय. मंडईची शेड जळली हे मात्र सगळे सारखंच सांगतात. दुपारी तिकडून धूर आला, ओरडा आला, आणि गल्लीतली माणसं धावत मिस्त्रींकडे आली. मंडईच्या बाजूचं तोंड बंद करा, आत्ताच्या आत्ता करा. कुणी खिडकीची जाळी उचकटून आणली, कुणी शिडी, कुणी न्हाणीघराचा पत्रा. मिस्त्रींनी सवयीने कडी हातात घेतली, तर दहा तोंडांनी त्यांना सांगितलं की बाहेरून कडी नको. आत नुसता अडसर हवा. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बाहेरून हात लावायला जागा नसलेलं फाटक केलं. घाईत वेल्डिंगचे नुसते टाके मारले होते, अधूनमधून. निवळलं की हातोड्याने उडवू, असा विचार होता.

भावोजी सकाळीच मंडईत गेले होते. शेड पेटल्यावर कुठेतरी गोदामात लपून बसले असावेत. दिवस मावळताना ते नेहमीच्या वाटेने घरी यायला निघाले, आणि जिथे वाट होती तिथे पत्रा होता. त्यांनी तो वाजवला, पण भीतीने असेल, नाव पुकारलं नाही. आतल्या लोकांना कळेना की हे कोण आहे, एकटं आहे की मागे जमाव आहे. कुणी अडसर काढला नाही. मग आवाज थांबला. भावोजी मोठ्या रस्त्याने वळसा घालून घरी जायला निघाले असणार. बस थांब्याजवळ त्यांना कुणीतरी गाठलं. कोणी, हे कधीच कळलं नाही. ते थांब्याच्या मागे सापडले.

मिस्त्री त्या वेळी घरात नव्हते, पुलाच्या बाजूला पहारा द्यायला गेले होते, असं गल्ली सांगते. वहिनींनीही मला तसंच सांगितलं, पण सांगताना हातातलं बटण खाली पडलं आणि ते शोधायला त्या बराच वेळ वाकून बसल्या. मी पुढे विचारलं नाही. मला जीभ आहे तशी थोडी अक्कलही आहे.

शांत झाल्यावर हातोड्याने उडवायचे टाके मिस्त्रींनी उडवले नाहीत. अंत्यसंस्कार आटोपून आले, तसे मशीन ओढत फाटकाशी गेले आणि कडेने वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची सलग झाळ मारत गेले. अडसर, बिजागऱ्या, चौकट, सगळं एकजीव. फाटकाची भिंत झाली. घाबरलेल्या लोकांना बरंच वाटलं. मिस्त्री आपल्यासाठी करताहेत असं त्यांना वाटलं.

पुढे काही वर्षं मंडई म्हणजे काळी पडलेली फरशी आणि वाकलेले खांब, एवढंच होतं. वरून माणसं आली, मापं घेऊन गेली, पुन्हा आली नाहीत. मी आले ते याच दिवसांत. खोली रिकामी होती आणि कुणी घ्यायला तयार नव्हतं. मग एके दिवशी शाळेतले निवृत्त हेडसर एकटेच गेले आणि फरशी घासू लागले. मोठी योजना वगैरे काही नव्हती. त्यांनी नंतर मला सांगितलं की बायको घरात बसू देत नव्हती. पण एक म्हातारा वाकून फरशी घासतोय हे पाहत उभं राहणं लोकांना अवघड गेलं. ताईने झाडू आणून दिले. नवऱ्याचा धंदा तिनेच पुढे चालवला होता, उघड्यावर, मंडईच्या एका कोपऱ्यात. मग गवंडी आला, रंगारी आला, वायरमन आला. ज्याला जे येत होतं ते त्याने केलं. मी पडदे शिवले, सावलीसाठीचं जाड कापड शिवताना सुया मोडल्या आणि तोंडाला येईल ते बोलले. छपराची लोखंडी चौकट मिस्त्रींनी केली. एकही खांब त्यांनी दुसऱ्याला जोडू दिला नाही.

आणि हे सगळं करायला ते मोठ्या रस्त्याने जायचे. दुकानापासून मंडई हाकेच्या अंतरावर, पण मशीन हातगाडीवर चढवून पुलावरून, वस्तीमागून, बस थांब्यापुढून वळसा घालायचे. आम्हीही तसंच जायचो. सवयीचं झालं होतं.

छप्पर झालं, लोक परतले, पण अर्धीच मंडई भरली. आमच्या बाजूचे ओटे रिकामे राहिले. पुलापलीकडची आणि आमच्या गल्लीतली गिऱ्हाइकं एवढा वळसा घालून येत नव्हती, आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर तिथे कोण बसणार. हेडसरांनी सगळ्यांना बोलावलं आणि फाटकाचा विषय काढला. मला वाटलं होतं गल्लीतले घाबरट लोक आडवे पडतील. पण तेही म्हणाले की पुरे झालं, काढून टाका. सगळे मिस्त्रींकडे बघू लागले.

मिस्त्री म्हणाले, मंडईचं दुसरं काहीही सांगा, आयुष्यभर करेन, पण ते फाटक माझ्याच्याने कापवणार नाही आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावू नये. हेडसरांनी हळूच कारण विचारलं. मिस्त्रींनी खिशातला खडू काढून परत ठेवला. मग म्हणाले, "त्या थांब्यावरून मला जावं लागतं ते ठीक आहे. तेवढी शिक्षा मला असू द्या."

झालं. असं म्हटल्यावर कोण बोलणार. हेडसरांनी चष्मा पुसला, बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि बैठक संपली. माझं मात्र डोकं फिरलं. दुःखाचा मान राखावा हे मला कळतं, पण एका माणसाच्या दुःखाने अख्ख्या मंडईची वाट अडवून बसावं, हे काही मला पटेना. ताई बैठकीला नव्हतीच. भाऊ ज्या बैठकीत असेल तिथे ती येत नसे. भांडण नव्हतं, पण नवरा गेल्यापासून तिने त्याच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे झाडू घ्यायला गेले. घरात दोन झाडू असताना गेले, हेही सांगून टाकते. ती भारा सोडत होती. पुलापलीकडून मोठ्या रस्त्याने डोक्यावर आणलेला भारा. मान घामाने भिजली होती, कपाळावर दोरीचा वळ उठला होता. बोलता बोलता ती म्हणाली की तुमच्या गल्लीतले लोक अजूनही घाबरतात याचं नवल वाटतं, नाहीतर फाटक एव्हाना काढलं असतं.

तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की फाटक गल्लीने अडवून धरलंय. मी सांगितलं की गल्ली तयार आहे, तुझा भाऊच तयार नाही. ते का झाळलं, कुणी झाळलं आणि काल तो काय म्हणाला, तेही सांगितलं. मी सांगायला नको होतं असं नंतर हेडसर म्हणाले. म्हणोत.

ताईने अर्धवट सुटलेला भारा तसाच ठेवला, शेजारच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाली. मी मागोमाग. मोठ्या रस्त्याने तिच्याबरोबर मी पहिल्यांदाच चालत होते. बस थांबा जवळ आला तशी ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली, नाल्याच्या अगदी काठाने चालली आणि थांबा मागे पडल्यावर परत अलीकडे आली. रोजचं होतं ते तिचं. पायाखाली बघतही नव्हती.

मिस्त्री सळई कापत होते. दारात कोण आहे ते दिसल्यावर मशीन बंद झालं. त्यांनी चष्मा वर केला आणि उभे राहिले. आतून वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या. ताईने पेला घेतला नाही.

"फाटक कुणी झाळलं?" तिने विचारलं.

"मी."

"लोकांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. माझं मीच."

"आणि आता शिक्षा म्हणून ठेवलंयस."

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली.

"शिक्षा तुला आणि चालते मी," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तू कामापुरता जातोस. मी रोज जाते. डोक्यावर भारा घेऊन जाताना, आणि रिकाम्या हाताने येताना. त्यांना जिथे टाकलं तिथून. हे तुझ्या कधी डोक्यात आलं का रे?"

आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की आलं नव्हतं. स्वतःला द्यायचा त्रास ते इतका जपून देत होते, की तो दुसऱ्याच्या डोक्यावर आहे हे त्यांना दिसलंच नाही. मला त्यांची कीव आली आणि रागही तितकाच आला.

ताई म्हणाली, "एकच विचारते. तू तेव्हा घरात होतास?"

खोटं बोलायला काही लागलं नसतं. गल्लीने इतकी वर्षं त्यांच्यासाठी ते तयार ठेवलं होतं, आणि ताईसुद्धा त्याच्यावरच जगत आली होती. मीच मनात म्हटलं, सांगा पुलावर होतो, संपवा.

"होतो," मिस्त्री म्हणाले. "पत्र्यावर हात पडला तेव्हाच ओळखलं. ते कडी शोधत होते, ताई. आधी वाजवलं नाही त्यांनी. आधी कडी शोधली, जिथे मी नेहमी लावतो तिथे. मी उठलो. हिने हात धरला." त्यांनी हातातली सळई खाली ठेवली. "मी धरू दिला."

"मी घट्ट धरला होता, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. आत पोरं होती माझी." पेल्यातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

ताई लोखंडी स्टुलावर बसली. तिच्याकडे बघवत नव्हतं. ती रडेल असं मला वाटलं, ओरडेल असं वाटलं, आणि तिने तसं केलं असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"किती वेळ वाजवत होते?"

"बराच वेळ," मिस्त्री म्हणाले.

ताईने मान डोलवली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग आता उघड," ती म्हणाली.

मिस्त्रींनी गॅस कटर काढला. नळ्या जोडताना त्या दोनदा निसटल्या, तेव्हा शेवटी मीच सिलिंडर धरला. फाटकाशी गेले, चष्मा खाली ओढला आणि वरून सुरुवात केली. स्वतःचीच सलग झाळ. ती काही सहज सुटत नव्हती. लोक घरांतून बाहेर आले आणि भिंतींना टेकून उभे राहिले. कुणी मदतीला पुढे गेलं नाही. ताई तिथे थांबली नाही. ती पुलाकडे चालत गेली, घरी. पलीकडे फाटक पडलं तेव्हा मंडईतल्या लोकांनी ते ओढून बाजूला घेतलं, आणि गल्लीच्या तोंडातून रिकामे ओटे दिसायला लागले. मिस्त्री चष्मा न काढता तिथेच उभे होते. वहिनींनी येऊन त्यांना घरी नेलं.

सकाळी मी दुकान झाडत होते तेव्हा ताई पुलावरून येताना दिसली. डोक्यावर भारा. गल्लीतून भारा घेऊन ती आजवर कधीच गेली नव्हती. मिस्त्री दारात बसले होते, ते उठले. ती त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. ते काही अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागले. भारा घेऊ का असंही त्यांनी विचारलं नाही; विचारायची हिंमत नसावी. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले.

गल्लीच्या तोंडाशी जमिनीत कापलेल्या लोखंडाचे तुकडे रुतून होते. ताई ते ओलांडून पलीकडे गेली. मिस्त्री अलीकडे थांबले. काल त्यांनी ती वाट कापून मोकळी केली होती, पण तिच्यावर पाय ठेवला नव्हता. ते तसेच खाली बघत उभे राहिले.

ताई चार पावलं जाऊन थांबली आणि मागे वळली. भारा सावरत परत आली आणि बाहेरच्या बाजूला उभी राहिली, जिथे उभं राहून तिच्या नवऱ्याने पत्रा वाजवला होता. तिने भावाला माफ केलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं, आणि अजूनही ती त्याच्या घरी जात नाही.

"ये की," ती म्हणाली.